ओढ्याचं तोंड

लेंडी ओढा जिथं गंगेला मिळतो
तिथं बरीच वर्षं काहीच मिळत नव्हतं.
जलपर्णीची गादी, बेशरमीचं रान,
वर गावातल्या लग्नांचा थर्माकोल.
पाणी तिथवर यायचं
आणि साहेबाच्या दाराशी थांबल्यासारखं
उभंच राहायचं.

पहिल्या रविवारी आम्ही पाच जण.
मी शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होतो,
रिटायर झालो तरी मोजायची खोड गेली नाही,
म्हणून शंभर पानी वही नेली.
हजेरी:
शेख चाँद, पंक्चरवाला. ट्रकच्या जुन्या ट्यूबा फुगवून
त्यानंच तराफा बांधला.
गयाबाई भोई. तिच्या जाळ्यात आताशा
मासे कमी, गुटख्याच्या पुड्या जास्त.
सुनेत्रा, बीएस्सीची, पांढरे बूट घालून.
तातेराव लाइनमन, कमरेला अजून तोच दोर.
मुंजाजी येतो म्हणाला होता, आला नाही.
तरी लिहून ठेवला.

पुलावरून लोक ओरडायचे, काय करायलाव?
गयाबाई मान वर न करता म्हणायची,
तोंड धुवायलाव. ओढ्याचं.

जलपर्णी ओढली की हातात पान येतं,
मूळ खालीच राहतं, हसत.
तातेराव दोर टाकायचा, आम्ही ओढायचो,
गुडघ्यापर्यंत काळा गाळ,
त्याचा वास सोमवारी डाळीलाही यायचा.
बायकोनं माझं ताट ओट्यावर हलवलं.

सुनेत्रानं एकदा सांगितलं,
ही गंगा पार आंध्रात जाते,
तिथं गोडं पाणी अन् खारं पाणी
एकमेकांच्या घरात ये-जा करतं,
तिथंच कोळंबीची पिलं मोठी होतात.
आमच्यातल्या कुणी समुद्र पाहिला नव्हता.
गयाबाईच्या हातात नेमकी एक चप्पल होती,
गाळानं जड झालेली, डाव्या पायाची.
ती बराच वेळ बघत राहिली.
म्हणाली, म्हंजी आपल्या गावची घाण
तिथवर चालत जाती?
बिनपायाची?

दर रविवारी मी एक बरणी भरून आणायचो
आणि खिडकीत ठेवायचो.
पहिल्या चार बरण्या म्हणजे चहा.
सातवीतून पलीकडचा लिंब दिसला,
वाकडा, पण लिंब.

नवव्या रविवारी जेसीबी आला.
नगर परिषदेनं पाठवलेला, डिझेलसकट, फुकट.
अर्ध्या दिवसात सगळं साफ, ड्रायव्हर म्हणाला.
आम्ही खूश. चाँदनं चहा सांगितला.
मग टिटवी ओरडली.
आम्हीच उघडा केलेला खडकाळ काठ,
त्यावर चार अंडी, खड्यांच्या रंगाची,
घरटं म्हणून नुसता एक खोलगट ठसा.
ती जेसीबीच्या पंज्यासमोर
पंख पसरून उभी.

तातेराव म्हणाला, टिटवी अशुभ असती.
ड्रायव्हर म्हणाला, इतक्या खाली अंडी,
म्हंजी औंदा पाऊस कमी.
सुनेत्रा काहीच बोलली नाही, बूट काढून
मशीनपुढं बसली. बूट आता पांढरे नव्हते.
समुद्रानं अंडी नेली म्हणून
टिटवी चोचीनं समुद्र उपसायला बसली,
ही गोष्ट मी शाळेत ऐकली होती
आणि हसलो होतो.
त्या दिवशी मी वहीत नऊ रविवारांची घमेली मोजली.
हसू आलं नाही.

जेसीबी परत गेला. साहेब चिडले, फोनवर.
चाँदनं अंड्यांभोवती चार टायर मांडले.
आम्ही महिनाभर लांबून वळसा घालून
हातानंच ओढत राहिलो.

एका रविवारी टायरच्या आत टरफलं होती,
पिलं आम्हाला न विचारता निघून गेलेली.
वरच्या गावाहून जलपर्णीचे नवे गुच्छ वाहत आले,
आमच्या धुतलेल्या तोंडाशी येऊन थांबले.
कुणी काही बोललं नाही.
गयाबाईनं पदर खोचला.

तेवढ्यात बांधावरून मुंजाजी उतरला,
हातात विळा, चेहरा ओशाळा,
म्हणाला, माझं नाव लिवा.
मी वही उघडून दाखवली.
पहिल्या पानापासून होतंच.